पानांत हरवलेलं लाल

लेकीची सुपारी फोडायची होती म्हणून मी, बायको आणि लेक असे आम्ही तिघं अंबरपेठेहून जामबागला तिच्या होणाऱ्या सासरी गेलो होतो. सगळ्यांची धावपळ चाललेली, मी एकटाच खुर्चीत. राहवेना म्हणून आपणहून म्हणालो, "मलाही काही काम सांगा."

"मग गणपतीला तेवढी लाल जास्वंद आणा ना," विहीणबाई म्हणाल्या. "अंगणातलं झाड नुसतं भरलंय."

परडी हातात घेतली खरी, पण फुलं शोधायची कशी? लाल आणि हिरवा मला लहानपणापासून वेगळे दिसत नाहीत. तरुणपणी रेल्वेत इंजिन चालवायच्या नोकरीसाठी गेलो होतो; डोळे तपासताना ठिपक्यांतला आकडा वाचता आला नाही, परत पाठवलं. घरी सांगितलं, परीक्षेत राहिलो. पुढे सरकारी कचेरीत लागलो आणि ही गोष्ट कुणापाशी काढली नाही. बायकोपाशीसुद्धा.

झाडापुढे उभा राहिलो तर समोर सगळं एकच काळपट. जवळ जाऊन पाकळीचा आकार शोधत, पानांत हात घालून चाचपत राहिलो. बऱ्याच वेळानं परडीत तीन फुलं पडली, त्यातलं एक कालचं, मिटलेलं.

"एवढीच?" विहीणबाईंनी परडीत पाहिलं, मग खिडकीतून झाडाकडे. नवऱ्या मुलाचे काका मोठ्यानं हसले. "काय साब, झाड इथून लाल दिसतंय! चष्मा बदलून टाका."

"हौ, उन्हानं डोळे दिपले," मी म्हणालो. सगळे हसले, मीही हसलो. कानशिलं तापली होती.

लेक परडी घेऊन मला पुन्हा अंगणात घेऊन आली. ती वनस्पतिशास्त्र शिकते. कुठली माशी कुठल्या फुलावर बसते, हाच तिचा विषय. भराभर फुलं तोडत तिनं हळूच विचारलं, "बाबा, तुम्हाला लाल दिसत नाही ना?"

मी परडीतलं मिटलेलं फूल बाजूला काढलं.

"मधमाशीलाही दिसत नाही. ते बघा." कुंपणाशी सूर्यफुलं होती, माश्या तिथं घोंगावत होत्या, जास्वंदीवरून सरळ पुढे जात होत्या. "तिला हे फूल पानांसारखंच काळपट. याच्याकडे पक्षी येतात, वाकड्या चोचीचे छोटे शिंजीर. त्यांना लाल छान दिसतं. आणि सूर्यफूल आपल्याला नुसतं पिवळं. माशीला मात्र पाकळ्यांची टोकं वेगळी दिसतात, बुडाचा भाग वेगळा. आपल्याला न दिसणारा जांभळ्याच्या पलीकडचा प्रकाश तिला दिसतो."

ती माझी समजूत घालत होती, पण मला आणखीच ओशाळल्यासारखं झालं. माशीला लाल रंगाच्या बदल्यात काही तरी मिळालंय. मला काय मिळालं? थापा मारायची सवय.

तेवढ्यात तिचा हात थांबला. "म्हणजे रंगांधळेपणाचा हा वारसा तुमच्याकडून माझ्यातही आलाय. मुलींना सहसा त्रास होत नाही, पण माझ्या मुलाला होऊ शकतो." तिनं घराकडे पाहिलं. "आत सांगायला हवं."

"आज नको, बेटा. सुपारी फुटू दे."

हे माझ्या तोंडून गेलं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहायची हिंमत होईना. ती रागावली नाही. "आजच, बाबा," एवढंच म्हणाली.

पूजेआधी तिनं सगळ्यांसमोर सरळ सांगून टाकलं. मी मान खाली घालून सतरंजीकडे बघत होतो. बायकोनं माझ्याकडे वळून पाहिलेलं कळलं. विहीणबाईंनी मुलाला विचारलं, "तुला काय वाटतं?"

"आई, सिग्नलचा वरचा दिवा कुठला नि खालचा कुठला, हे पोराला शिकवू की," तो म्हणाला. "परेशान नको होऊ."

काका खाकरले. "माफ करा व्याही, मी उगाच बोललो." त्यांनी माफी मागावी हे तर मला सगळ्यांत जड गेलं. लपवलं मी होतं.

सुपारी फुटली. परतताना लेक पुढे रिक्षावाल्याला रस्ता सांगत होती. बायको पदर पुढे ओढून म्हणाली, "लग्नातला माझा शालू कसा दिसला होता तुम्हाला? खरं सांगा."

"मातकट," मी म्हणालो.

ती हसली नाही, रागावलीही नाही. "आणि मला दरवेळी सांगायचात, लाल शोभतो," एवढंच म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.