खिळे मिस्त्री

सारोळ्याच्या एका स्पेअर पार्टवाल्याने मला फसवलं. इंजिन गार ठेवणारं कूलंट म्हणून सीलबंद डब्यात हिरवं पाणी विकलं. आणि त्याची शिक्षा मी दिली ती वरव्याच्या खिळे मिस्त्रींना. एवढं आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला साधू समजायला नको.

मिस्त्रींचं खरं नाव गॅरेजच्या पाटीवर होतं, पण ते कुणी घेत नसे. आत फळीवर औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असत. प्रत्येकीत थोडं कूलंट, त्यात बुडवलेला लोखंडी खिळा आणि वर गाडीचा नंबर लिहिलेली पट्टी. नवा डबा गाडीत ओतण्याआधी ते त्यातलं थोडं बाटलीत काढून घेत आणि कोरा खिळा सोडत. खिळा चकचकीत राहिला तर माल खरा, गंजला तर खोटा. "डब्यावर काय बी छापत्यात, शेठ," ते म्हणत. "खिळ्याला वाचता येत न्हाई, त्येच बरंय."

मी शेठबिठ कुणी नाही. वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यांवरून गावरान कोंबड्या घ्यायच्या आणि पानशेतच्या हॉटेलांना द्यायच्या, हा माझा धंदा. सायकलवर सुरू केला, मग जुनी छोटी गाडी घेतली, मागची सीट काढून खुराडी बसवली. घासाघीस करूनच मी वर आलो. मिस्त्री शेठ म्हणत ते मला चिडवायला.

गाडी दारात आली की बॉनेट उघडण्याआधी ते डॉक्टरसारखं विचारत, "पानी कुठलं घातलं?" विहिरीचं म्हटलं की संपलंच. "इहिरीचं पानी कोंबड्यांस्नी पाजा. त्यातला क्षार आत धरतो, चहाच्या भांड्याला धरतो तसा." रंग बघून कूलंट घेणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग होता. "सरबत बी हिरवं आसतं. गाडीच्या पुस्तकात काय लिवलंय त्ये बघा, आन एकात दुसरं मिसळू नका." एकदा मी घाईत गरम रेडिएटरचं टोपण फिरवायला गेलो, तर त्यांनी माझं मनगटच धरलं. "गार झाल्याबिगर हात लावायचा न्हाई. इंजनाला बी राग येतो, तुमच्यावानी. फरक यवढाच, त्ये थोड्या वेळानं गार व्हतं."

माणूस असा. तरी माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता, कारण माझा कुणावरच नव्हता. त्यांनी सांगितलेलं कूलंट महाग होतं. मी तोंडावर विचारलं, "त्या दुकानातून तुम्हाला किती सुटतं, मिस्त्री?"

त्यांनी फडक्याला हात पुसले. "तुमी कोंबडी तोलताना काट्याला बोट लावता, म्हनून तुमाला समद्यांची बोटं काट्यावर दिसत्यात."

मला झोंबलं. तडक सारोळ्याला गेलो, तासभर हुज्जत घातली आणि अर्ध्या भावात डबा आणून त्यांच्यासमोर आदळला. त्यांनी दोन थेंब बोटांवर चोळले, वास घेतला.

"आठ दिस थांबा. खिळा काय म्हनतोय बघू."

"तोवर कोंबड्या काय चालत जातील पानशेतला?"

"मग दुसऱ्या कुनाकडनं वतून घ्या."

मी हललो नाही. टायरवर बसून राहिलो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "कमिशन बुडालं, म्हणून हात चालेना!" ते मात्र त्यांना लागलं. त्यांनी बाटली भरली, खिळा सोडला आणि डबा ओतला.

आठवड्याने त्यांचा फोन आला. मी उचलला नाही. पुन्हा आला, पुन्हा नाही. मग एका टेम्पोवाल्याकडे निरोप दिला, "गाडी घिऊन या, बदलू." मी ओळखलं, आता स्वतःचा माल गळ्यात मारणार. गेलो नाही.

चार-पाच महिन्यांनी पाबे घाटात लाल दिवा लागला, बॉनेटमधून वाफ निघाली आणि इंजिनाचं हेड तापून तडकलं. गंजासारखं तांबडं पाणी रस्त्यावर सांडलं. डोळ्यांदेखत डबा ओतलेला विसरून मी मनाशी ठरवूनच टाकलं, मिस्त्रीने माझा डबा ठेवून घेतला आणि गाडीत पाणी घातलं. नसरापूरच्या बाजारात ते भाजी घेताना दिसले. भर गर्दीत मी ओरडलो, "चोर आहे हा माणूस! कूलंटच्या जागी पाणी घालतो!"

ते एवढंच म्हणाले, "म्या वतलं. वतायला नको व्हतं."

लोकांनी ते कबुलीसारखं ऐकलं. मीही. हळूहळू त्यांच्या दारातल्या गाड्या कमी झाल्या.

गॅरेज बंद होतंय असं कळलं, तेव्हा तमाशा बघायला म्हणून गेलो. मिस्त्री बाटल्या पोत्यात भरत होते. फळीवर माझ्या गाडीच्या नंबरची बाटली अजून होती. तळाशी तांबडा गाळ, आणि खिळा पार गंजून गेलेला. मी ती उचलून उजेडात धरली.

"ही त्या दिवशी बाजारात का नाही दाखवली?"

"दावली आसती, तर तुमी म्हनला आसता, गंजका खिळा म्याच टाकला."

खरं होतं. मी अगदी तेच म्हणालो असतो.

मिस्त्री सासवडला लेकीकडे गेले ते गेलेच. मी त्याच बाजारात, त्याच आवाजात, चूक कुणाची ते ओरडून सांगितलं. लोक हसले. चोर म्हटलेलं लोकांच्या लक्षात राहतं, परत घेतलेलं राहत नाही. मग बाटली घेऊन सारोळ्याला गेलो. दुकानदार म्हणाला, "सील तुम्हीच फोडलंत ना? मग आत काय होतं ते तुम्हालाच ठाऊक." त्याच्या पाठीमागे तसेच हिरवे डबे छतापर्यंत रचलेले होते.

सारोळ्याचे दुकानमालक, माझा गुन्हा मी माझ्या तोंडाने सांगितलाय. आता तुमची पाळी. वरव्याला या, मिस्त्रींच्या बंद शटरसमोर चार माणसांत उभे राहा आणि सांगा, त्या डब्यात काय होतं?