कृपया ओरडू नका

बोलायच्या आधी ते टेबलावर बोटाने दोनदा टकटक करत. मग चष्म्यावरून सगळ्यांकडे बघत आणि म्हणत, "मला पटत नाही." कादंबरी कोणतीही असो, सुरुवात हीच.

तार ऑफिसातून निवृत्त झालेले, म्हणून पंचवटीतल्या आमच्या वाचनालयात त्यांना सगळे तारमास्तर म्हणत. तिथे महिन्यातून एकदा कादंबरीवर चर्चा असे. मी शाळेत मराठी शिकवायची आणि वर्गाची सवय चर्चेतही सुटायची नाही. माझं कौतुकाचं भाषण लांबलं की टकटक व्हायची. "बाई, शब्द वाचवा. ती शेवटी नवऱ्याकडे परत का जाते, तेवढं सांगा." मला भयंकर राग यायचा. घरी जाताना पुलावरून मी मनातल्या मनात त्यांच्याशीच भांडत चाललेली असायची.

"भांडल्याशिवाय पुस्तक पचत नाही," असं ते म्हणत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लांब दिल्या घरी. भांडायला आम्हीच होतो.

मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाज गेल्यातच जमा. नुसती कुजबुज उरली. तरी मफलर गुंडाळून ते चर्चेला आले आणि टकटक केली. पहिल्यांदा सगळे थांबले, माना पुढे करून ऐकू लागले. पण लोकांचा धीर किती असतो, ते तुम्हीही पाहिलेलं आहे. पुढच्या खेपेला त्यांचं बोलणं चालू असतानाच कोणीतरी दुसरा सुरू झाला. कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्यानंतर तारमास्तर आले नाहीत.

बऱ्याच महिन्यांनी ते मला गंगापूर रोडवर दिसले. एका सायबर कॅफेच्या पायरीवर उभे होते. हाताला धरून त्यांनी मला आत नेलं आणि कानाशी येऊन म्हणाले, "बाई, इथे भांडता येतं!"

कादंबऱ्या वाचणाऱ्यांचा ई-मेलवरचा गट होता तो. कोणी पुण्याचं, कोणी दुबईचं, कोणी अमेरिकेतलं. सगळे एकच पुस्तक वाचत आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून एकमेकांवर तुटून पडत. तारमास्तरांची बोटं कीबोर्डवर सराईतपणे चालत. तार ऑफिसातल्या यंत्राला फक्त मोठी इंग्रजी अक्षरं ठाऊक होती, त्यामुळे तेही सगळं मोठ्या अक्षरांतच लिहीत. वाक्यंही तारेसारखी. "शेवट पटला नाही. नायक भित्रा. लेखकाने झाकले. कारणे कळवा." मी तेव्हा जेमतेम ई-मेल उघडायला शिकले होते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

काही दिवस त्यांचं फार छान चाललं. "न्यू जर्सीच्या बाई आज माझं काय करतात बघा," असं कुजबुजत ते खुर्चीवर बसत आणि उत्तर आलं की मांडीवर थाप मारत.

पुढे उत्तरं तुटक यायला लागली. एकाने लिहिलं, जरा शांतपणे घ्या. दुसऱ्याने विचारलं, एवढं चिडायला काय झालं? तारमास्तर गोंधळून माझ्याकडे बघत. "मी चिडलो कुठे?" मग त्यांनी खुलासा लिहिला, "मी चिडलेलो नाही. गैरसमज नसावा." तोही मोठ्या अक्षरांत. पलीकडे तो कसा वाचला गेला असेल, हे आज आठवलं तरी मला कसंतरी होतं.

एक दिवस गटाच्या संचालकांची ई-मेल आली. "कृपया ओरडू नका. वारंवार सांगूनही आपण ऐकत नसल्याने आपलं सदस्यत्व रद्द केलं आहे."

तारमास्तरांचा हात मफलरवर गेला. "मी... ओरडतो?" हेसुद्धा मला त्यांच्या ओठांवरूनच कळलं.

कॅफेचा मालक चांदवडकडचा. कोणाच्या पडद्यात डोकवायचं नाही, हा त्याचा नियम. त्या दिवशी आमचे चेहरे पाहून तो आला आणि वाचून हळहळला. "काका, सगळं कॅपिटलमधी लिव्हता व्हय? नेटवर त्याला वरडणं म्हणत्यात. लय राग येतो लोकान्ला."

मी फार संतापले. आपल्या देवनागरीत मोठं अक्षर न् छोटं अक्षर असला प्रकारच नाही, असं मी त्या बिचाऱ्या मालकालाच सुनावलं. तारमास्तरांनी मला हातानेच गप्प केलं. मग एकेक कळ दाबत, चाचपडत, लहान अक्षरांत माफी लिहिली. ते आता सदस्य नव्हते, त्यामुळे ती ई-मेल परत आली. संचालकांना वेगळं लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही.

पुढे तारमास्तरांचं घशाचं दुखणं उलटलं तेव्हा मी त्या गटाची सदस्य झाले. चर्चा छापून घ्यायची आणि दवाखान्यात त्यांना वाचून दाखवायची. आता कुजबुजही उरली नव्हती. त्यांना पटलं नाही की खाटेच्या लोखंडी दांडीवर दोनदा टकटक होई, आणि कारण ते पाटीवर लिहीत. तेच मी माझ्या नावाने गटात पाठवायची. लहान अक्षरांत, "नम्रपणे असं वाटतं" वगैरे जोडून. लोकांनी माझ्या समजूतदारपणाचं कौतुक केलं. ते मी वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी पाटी ओढून लिहिलं, "शब्द वाचवा."

त्या महिन्याची कादंबरी आमची निम्मीच वाचून झाली होती. तेवढ्यात ते गेले.

मी कॅफेत गेले, मोठ्या अक्षरांची कळ दाबली आणि आधी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. पुढे लिहिलं, "आज गेले. कादंबरी अर्धी राहिली. शेवट पटला नसता. कळावे."

काही वेळाने संचालकांचं उत्तर आलं. "कृपया ओरडू नका."

या वेळी त्यांचं बरोबर होतं.