पाण्यातली चकती

डॉक्टर ट्यूबलाईटच्या उजेडात दाताचा रंग कधीच ठरवत नसत. सकाळी दहा ते अकरा, उत्तरेच्या खिडकीपाशी, खोलीतले दिवे बंद करून, तेवढ्याच वेळात. एकदा गगनबावड्याहून एक बाई एसटीनं आल्या आणि नेमकं आभाळ भरून आलं.

"उद्या या," डॉक्टर म्हणाले.

"अहो, इतक्या लांबनं आलोय की."

"तुम्ही आलाय खरं. उजेड आला न्हाय."

बाई चिडून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. राजारामपुरीत डॉक्टरांना सगळे 'उजेडाचे डॉक्टर' म्हणत.

मी दूध संघात फॅट तपासतो. ऊस सोलताना पुढच्या दाताचा कोपरा तुटला, तेव्हा त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो. माझं काम ऐकल्यापासून मी त्यांचा 'फॅटवाले' झालो. खुर्चीत बसल्याबरोबर त्यांनी सोळा दातांच्या नमुन्यांची पट्टी काढली. पांढऱ्यापासून पिवळ्यापर्यंत ओळीनं लावलेली, प्रत्येकाला नंबर. कापूस लावायच्या आधी त्यांनी नंबर ठरवला. "तोंड उघडं ठेवलं की दात सुकतोय, आणि सुकला की गोरा दिसतोय. ओला असतोय तो खरा रंग." दात भरून घरी आल्यावर आरशात मी जोड शोधला. आठवडाभर शोधला. सापडला नाही.

खिडकीत त्यांचे पाच पेले असत. चहा, कॉफी, हळदीचं पाणी, तांबडा रस्सा आणि साधं पाणी. प्रत्येकात दात भरायच्या मसाल्याची एक चकती. दर सोमवारी दहा वाजता ते चकत्या पट्टीशी लावून बघत आणि वहीत नंबर लिहीत. खालच्या खानावळीतून रोज वाटीभर ताजा रस्सा यायचा, तो चकतीसाठी. स्वतः ते दूध-भाकरी खात. हळदीची चकती महिन्याभरात पिवळी पडून हरली, चहाची त्यानंतर. मी विचारलं, पाण्यातली कशाला ठेवलीय? म्हणाले, "काहीच न केल्यावर काय होतंय, तेबी कळाय पायजे की."

त्यांची पत्नी वारल्यावर पेशंट कमी झाले, पेले मात्र तेवढेच राहिले. मुलगा बेंगळुरूला. सोमवारी सुटी असली की मी तिकडे जाऊन बसत असे. दुसऱ्या कुणाशी ते दोन वाक्यांच्या वर बोलत नसावेत.

पुढे शेजारचा दात किडला. तोही त्यांनीच भरला. घरी बायको म्हणाली, "हा पिवळा का दिसतोय?" मी दुसऱ्या दिवशी दहाच्या उजेडात बघितलं. जुना भरलेला दात जसाच्या तसा होता. नवा निदान दोन नंबरांनी पिवळा, तोही भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणजे मसाल्याचा दोष नव्हता, डॉक्टरांच्या बघण्याचा होता. मी बोललो नाही. दवाखाना सोडला तर त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

आठ महिन्यांनी एका सोमवारी त्यांनी पाण्यातली चकती पट्टीला लावली. "बघा फॅटवाले, हाय तशीच हाय."

"नाही डॉक्टर. एका नंबरानं उतरलीय, पिवळी झालीय."

त्यांनी पट्टीवरचे सोळाही नमुने काढून टेबलावर मिसळले आणि स्वतः ओळीनं लावले. मग उलटे करून मागचे नंबर वाचले. चार ठिकाणी क्रम चुकला होता. मग ते माझ्या तोंडाकडे वळले.

"तुमचा दात?"

"तोपण."

"कवापासनं?"

"आठ महिने."

"गवळ्याचं फॅट आठ महिने कमी लागलं असतं, तर गप बसला असता व्हय?"

"नसतो बसलो."

"मग?"

मी टेबलावरचे नमुने गोळा करू लागलो.

डॉक्टरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झाल्यावर त्यांनी पहिला फोन मला केला. माझा दात उकरून पुन्हा भरला. मग वही उघडून, मागच्या दोन वर्षांत ज्यांचे पुढचे दात भरले होते त्या एकोणीस जणांना फोन केले. तिघं आले. बाकीचे म्हणाले, आम्हाला तर काही फरक दिसत न्हाय, राहू दे. तरी पुढचे दोन महिने ते रोज दहा ते अकरा खिडकीपाशी बसून राहिले. नंतर मुलानं येऊन त्यांना नेलं. जाताना पाण्याचा पेला, नमुन्यांची पट्टी आणि वही त्यांनी माझ्या हातात दिली. "बाकीच्या चार चकत्यांचं कळलं. हिचं अजून कळायचंय."

पेला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. सोमवारी दहाला त्यांचा फोन यायचा. "पाण्यातली काय म्हणतीया? आणि तुमचा दात?" मी दिवे बंद करून, दोन्ही बघून खरा नंबर सांगत असे. तीन वर्षांत एकही सोमवार चुकला नाही. यंदाच्या उन्हाळ्यात ते वारले.

परवाच्या सोमवारी दात एका नंबरानं उतरलेला दिसला. पुन्हा ओला करून बघितला, तोच नंबर. या वेळी सांगायला एक दिवसही थांबायचं नाही असं मी कधीचं ठरवून ठेवलं होतं. वहीत नंबर लिहिला आणि अकरा वाजेपर्यंत फोनपाशी बसून राहिलो.