चंपाने पाहिलेलं पहिलं ग्रहण

चिखल्याची चंपा चिकूच्या वाडीत बोलली, की किनाऱ्यावरच्या माणसाने मागे वळून बघावं, असा तिचा आवाज. असल्या बाईला एका बाबतीत मात्र वर्षानुवर्षं खाली मान घालून जगावं लागलं. तिचा मुलगा प्रितेश फाटलेला ओठ घेऊन जन्मला. "पोटुशी असताना हिनं ग्रहणात विळी धरली," असं तिच्या मोठ्या जाऊबाई दक्षाभाभी म्हणाल्या आणि गावाने ते मानलंही. लोकांचं काय, उचलली जीभ, लावली टाळ्याला.

चंपा भांडत बसली नाही, तिला वेळच नव्हता. पोराचं ऑपरेशन करून आणलं आणि मग त्याचं बोलणं घडवायला घेतलं. झाडांना पाणी सोडताना रोज मोठ्याने सुरू, "पपई म्हण. बोंबील म्हण. मामा म्हण." पोरगा नाकातून बोलला की पुन्हा पहिल्यापासून. शेजारी हसत. आज गावातल्या क्रिकेटच्या सामन्यांना माईक प्रितेशच्या हातात असतो आणि त्याची कॉमेंट्री ऐकायला शेजारच्या नरपड गावची माणसंही येऊन बसतात. चंपाला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, पण ती एक सामना चुकवत नाही.

यंदा गणपती गेले आणि लगेच पौर्णिमेला खग्रास ग्रहण आलं. प्रितेशची बायको विनिता पाच महिन्यांची पोटुशी. "आई, मला बघायचंय," ती म्हणाली. चंपाला ग्रहणापेक्षा लोकांच्या तोंडांची भीती जास्त होती. उद्या बाळाला काही कमी-जास्त झालं, तर या पोरीलाही आयुष्यभर तेच ऐकावं लागेल. दिवसभर ती गप्प राहिली. चंपा गप्प म्हटल्यावर घरातल्यांना ग्रहणापेक्षा तिचीच काळजी.

रात्री ग्रहण लागलं तसं तिने स्वतःच अंगणात दोन खुर्च्या मांडल्या. "चल पोरी, बस."

पावसाळी ढग बाजूला सरले. चंद्राची कड हळूहळू खाल्ली गेली आणि शेवटी तो पिकल्या चिकूच्या गरासारखा तांबूस झाला. आजवरची सगळी ग्रहणं चंपाने दारं लावून काढली होती. तिला वाटायचं, बाहेर काहीतरी भयंकर चाललेलं असतं. "अगो बाय, केवढा देखणा दिसतो गो!" ती ओरडली आणि तिने लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. प्रितेश हसत ओट्यावर आला.

त्या आवाजाने शेजारच्या घरातून दक्षाभाभीही आल्या. "चंपा! पोटुशीला बाहेर काढलीस? एकदा भोगलंस ते पुरं नाय झालं?"

विनिता उठायला लागली. चंपाने तिचा हात धरून तिला परत बसवलं.

"भाभी, त्या ग्रहणाला मी खाटेवर पडून होते. तोंडात पानी पन नाय घेतलं. विळी होती सैपाकघरात. आन् माझ्या खोलीला बाहेरून कडी कोनी घातलेली? तुम्हीच ना? आठवतं?"

दक्षाभाभींनी मान खाली घातली. त्या अगदी हळू म्हणाल्या, "आठवतं. ग्रहण सुटल्यावर मीच काढली."

"मोठ्यानं सांगा," चंपा म्हणाली. "माझा पोरगा ओट्यावर उभा आहे. त्याला ऐकू जाऊ दे."

आणि भाभींनी मोठ्याने सांगितलं.