शेठच्या चिरंजीवांची आकाशफेरी

त्या प्रकरणाची आठवण झाली की अजूनही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, तरी त्या एका माणसाचा चेहरा समोर आला की मी पेपर बाजूला ठेवून अंगणात फेऱ्या मारतो. बायको म्हणते, विसरा आता. कसं विसरायचं?

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं मी मुरबाडला फौजदार होतो. ठाणं म्हणजे कौलारू इमारत, पुढे पडवी, मागे एक कोठडी. आगगाडी नाही. कल्याणहून एसटी येईल तेव्हा टपाल आणि एसटी बिघडली तर टपालही नाही. गुन्हे म्हणावेत तर बांधाची भांडणं, हातभट्टी आणि चोरटं लाकूड. खून क्वचितच व्हायचा, त्यामुळे एका सकाळी पोलीस पाटील 'खुनी' घेऊन हजर झाला तेव्हा सगळं ठाणं पडवीत गोळा झालं.

खुनी म्हणून आणलेला माणूस शहापूरच्या बाजूच्या डोंगरातल्या एका ठाकरवाडीचा नाईक, म्हणजे म्होरक्या, होता. वय पन्नाशीचं, अंगाने काटक, कमरेला लंगोटी आणि खांद्यावर कांबळं. हाताला दोरी बांधली होती, पण ती बांधायची गरज नव्हती. तो खाली बसला तो उठलाच नाही. पाटलाने सोबत एक ठासणीची बंदूक आणली होती. हकीकत अशी की आदल्या दिवशी दुपारनंतर जंगलात हाका होता. रानडुक्कर उठवायला वाडीतली माणसं ओरडत, डबे वाजवत रान पिंजत होती. नाईकाने बिनपरवान्याची बंदूक झाडली आणि हाक्यातला एक जवान गडी जागीच गेला. नाईक सगळं कबूल करतो आहे, म्हणाला पाटील. आमच्या जमादाराने जबाब लिहायलाही घेतला होता.

मी बंदूक नाईकाच्या पुढे धरली आणि विचारलं, बार कसा भरतोस दाखव. त्याने ती वाटेतली काठी उचलावी तशी उचलली, उलटीसुलटी केली आणि परत ठेवली. त्याला दारू कुठून घालायची तेही ठाऊक नव्हतं.

"मग गोळी कोणी घातली?" मी विचारलं.

"हाका मी लावला साहेब," तो म्हणाला. "दोस माझाच."

पुढे चौकशीत मला कळलं ते असं. त्यांच्यात हाका निघण्याआधी नाईक वाघोबापुढे नारळ फोडतो आणि बोलतो की जेवढी माणसं नेतो तेवढी परत आणीन. एखादा परत आला नाही, मग तो दरीत पडो की सापाने डसो, त्याचा दोष नाईकाच्या माथ्यावर. त्यावर त्याने सबब सांगायची नसते आणि दुसऱ्याकडे बोट दाखवायचं नसतं. असा तो माणूस आपला धर्म पाळत होता आणि कोणीतरी त्या धर्माचा फायदा घेऊन त्याला फासाच्या दिशेने ढकलत होतं. कोणीतरी म्हणजे कोण, एवढाच प्रश्न होता.

त्याचं उत्तर दुपारी आपल्या पायांनी आलं. मेलेल्या गड्याची बायको पडवीच्या कडेला येऊन बसली होती. शिपायांनी तिला हटकलं, रडायला आली असेल म्हणून सोडून दिलं. लोकांचा असा समज असतो की खबर आणणारा माणूस कानाशी लागून कुजबुजतो. माझ्या नोकरीत निम्म्या खबरी पडवीत बसलेल्या माणसांनी दिल्या, कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मी तिला आत बोलावलं, पाणी दिलं.

"नाईक बंदूक धरीतच नाय," ती म्हणाली. "शेठच्या जीपमदून आनला माझ्या मालकाला. पुढं शेठचा पोरगा व्हता. मी बगितला. त्यानं मान फिरवली."

शेठ म्हणजे आमच्या बाजारपेठेतलं बडं प्रस्थ. जंगलाचे ठेके घ्यायचा. वाडीवाल्यांची मजुरी त्याच्या हातात. मुलगा मुंबईला कॉलेजात, सुटीत आला की मित्रांना घेऊन शिकारीला निघायचा. घरात परवान्याची दुनळी बंदूक होती. ठाण्याच्या सिव्हिल हॉस्पिटलातून शवविच्छेदनाचा अहवाल आला. अंगातले छर्रे कारखान्यातले, एकसारखे घोटीव होते. ठासणीच्या बंदुकीत असले छर्रे कोणी घालत नाही. तिथे शिशाचे वेडेवाकडे तुकडे असतात.

मी शेठच्या घरी गेलो. चिरंजीव केस विंचरून, पांढरीशुभ्र पँट घालून बसले होते. म्हणाले, "इन्स्पेक्टर, मी त्या दिवशी मुंबईत होतो. हेलिकॉप्टरमध्ये."

मला वाटलं थट्टा करतो आहे. पण त्याने खिशातून तिकीट काढलं. त्या काळी मुंबईत एका खासगी मंडळाने जुहूच्या मैदानावरून हेलिकॉप्टरच्या फेऱ्या सुरू केल्या होत्या. पैसे भरा, बसा, वरून मुंबई बघा, परत या. तिकिटावर त्याच दिवसाची तारीख होती आणि संध्याकाळच्या फेरीचा शिक्का. कल्याणचा एक मित्र साक्षीला होता. दोघं मिळून गेलो, म्हणाला. मग तोंडभरून वर्णन केलं. काय तो समुद्र, काय ती चौपाटी, पायलट एकेका इमारतीचं नाव सांगतो आहे आणि आम्ही दोघं गप्पा मारत चाललो आहोत. मी सगळं जबाबात लिहून घेतलं आणि खाली त्याची सही घेतली. शेठ मधेच म्हणाला, आमची माणसं आभाळात असतात आणि तुम्ही त्यांना रानात शोधता. सगळे हसले. मी हसलो नाही.

त्याच संध्याकाळी वरून फोन आला. कबुली दिलेला आरोपी हाताशी असताना प्रतिष्ठित माणसांना कशाला त्रास देता, असा प्रश्न होता. मी म्हटलं, तिकिटाची खातरजमा केली की त्रास संपेल. आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने निघालो.

जुहूला तिकिटं विकणाऱ्या माणसाने हात वर केले. तिकिटावर नाव नसतं, कोण बसलं आणि कोण नाही याची नोंद ते ठेवत नाहीत. मी हात हलवत परतणार, एवढ्यात तिथला पायलट आला. फौजेतून निवृत्त झालेला उंच माणूस. माझा खाकी गणवेश बघून त्याला काय वाटलं कोणास ठाऊक, म्हणाला, एक जागा रिकामी आहे, चला, स्वतःच बघा.

मी बसलो. यंत्र म्हणजे काचेचा एक फुगा आणि मागे लोखंडाचा सांगाडा. आत एकच बाक. पायलट आणि त्याच्या शेजारी दोन माणसं, मांडीला मांडी लावून. तिसरा उतारू घालायचा म्हटलं तर त्याला बाहेर टांगावं लागेल. वर पंखा फिरू लागला आणि जमीन खाली गेली.

खोटं कशाला बोलू, दृश्य सुंदर होतं. नारळांच्या माना, किनाऱ्याला ओढलेल्या कोळ्यांच्या होड्या, माहीमची खाडी, रेसकोर्सचं हिरवं वर्तुळ, मग चौपाटीपासून पुढे गेलेला तो वळसा आणि गोदीत उभी असलेली मोठमोठी जहाजं. जन्मभर ज्या शहरात पायाखालचं बघत फिरलो ते असं पसरलेलं बघून मी क्षणभर कामही विसरलो. खाली एक घुमट दिसला. तो कशाचा, म्हणून मी पायलटला विचारलं. त्याने ऐकलं नाही. मी ओरडून विचारलं. तरी नाही. शेवटी त्याच्या कानाशी तोंड नेऊन बेंबीच्या देठापासून ओरडलो, तेव्हा त्याने हसून कानाला हात लावला आणि मान हलवली. पंख्याच्या आवाजात माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता.

आणि मग मला तो जबाब आठवला. पायलट एकेका इमारतीचं नाव सांगतो आहे. आम्ही गप्पा मारत चाललो आहोत.

मुंबईवर इतक्या उंचीवर बसून माणसाला इतका राग येऊ शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. एक माणूस मेला होता. दुसरा, ज्याने काही केलं नव्हतं, कोठडीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. आणि ज्याच्या हातून झालं त्याने ही फेरीसुद्धा केली नव्हती, नुसती ऐकीव गोष्ट रंगवून सांगितली होती. फेरी करायचेही कष्ट घेतले नाहीत त्याने! उतरलो तेव्हा कान बधिर झाले होते. कल्याण येईपर्यंत ते घुमत होते.

पुढचं काम घाई न करता केलं. चौकशीची एक साधी गोष्ट सांगतो. खोटं बोलणाऱ्याला दरडावलं की तो सावध होतो आणि ऐकून घेतलं की तो सैल सुटतो. मी कल्याणच्या मित्राला एकट्याला ठाण्यावर बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हटलं, मीही परवा जाऊन आलो त्या हेलिकॉप्टरमधून. पोराची कळी खुलली. तो खरोखरच बसला होता, ते त्याच्या डोळ्यांवरूनच कळत होतं.

"काय तो आवाज साहेब," तो म्हणाला. "दोन दिवस आई काय बोलते ते कळत नव्हतं."

"आणि बाकावर किती दाटी," मी म्हटलं. "माझ्या शेजारी एक जाड गृहस्थ होता. तुझ्या शेजारी कोण होतं?"

"एक पारशी बाई. सगळा वेळ डोळे मिटून बसली होती. पैसे कशाला भरले कोणास ठाऊक."

तो हसला. मीही हसलो आणि विचारलं, "पायलट, तू आणि पारशी बाई. मग शेठचा मुलगा कुठे बसला होता?"

त्याने कप खाली ठेवला. मग तो ओक्साबोक्शी रडायला लागला. दोन तिकिटं आधी काढली होती. शेठच्या मुलाला ऐनवेळी शिकारीची हुक्की आली आणि तो आलाच नाही. त्याची जागा त्या बाईला दिली, तिकीट मित्राच्या खिशात राहिलं. दुसऱ्या दिवशी शेठचा माणूस येऊन ते मागून घेऊन गेला.

शेठच्या मुलाला मी बोलावलं, तो वकिलासह आला. मी त्याचा जबाब त्याला वाचून दाखवला, मग मित्राचा वाचला. पांढऱ्या पँटच्या गुडघ्यावर त्याचे हात घट्ट मिटले होते. वकील बोलायला लागला, त्याला मी थांबवलं. मग तो पोरगा जे बोलला ते मी शब्दशः लिहून ठेवलं नाही, पण आठवतं. म्हणाला, झाडीत हललं, मला डुक्कर वाटलं. चूक झाली. आणि मग, "पण तो नाईक कबूल करतच होता ना?"

म्हणजे दोष घ्यायला माणूस तयार आहे, तर मी कशाला? शिकलेलं पोर. मी खुर्ची मागे ढकलून उठलो आणि बाहेर पडवीत गेलो, कारण आत थांबलो असतो तर माझी नोकरी गेली असती.

नाईकाला सोडलं. खटला हयगयीने मृत्यू घडवल्याचा झाला. हाक्यातली माणसं न्यायालयात बोलायला उभी राहिली ती नाईकानेच सांगितल्यावर; तो स्वतः मात्र कोणाकडे बोट दाखवायला तयार नव्हता. खालच्या कोर्टाने कैद दिली, अपिलात कैद जाऊन दंड राहिला. ती ठासणीची बंदूक पुढे करणाऱ्या पोलीस पाटलाची पाटीलकी गेली. शेठने पेढे वाटले नाहीत एवढंच, बाकी सगळं पूर्ववत झालं.

निकालानंतर त्या गड्याची बायको पुन्हा आली. मला वाटलं भरपाईचं विचारायला आली असेल, मी तशी माहिती सांगू लागलो. तिने मान हलवली. नाईक घरी आला होता, पण वाडीत बसत-उठत नव्हता. सणाला, लग्नाला पंगत बसली की लांब जाऊन उभा राहायचा. कोर्टाने सोडलं तरी वाघोबाने सोडलं नव्हतं. ज्याच्या हातून माणूस गेला त्याने स्वतः देवापुढे कबूल केलं तरच नाईकाचा दोष उतरतो.

"त्या पोरानं एकदा वाडीवर यावं," ती म्हणाली. "देवापुढं एवडंच म्हनावं, माझ्या हातून झाला. मंग नाईक सुटंल. आमाला दुसरं काय नको."

हे काम पोलिसाचं नव्हतं. तरी मी गेलो. गणवेश घालून, दुपारी, भर बाजारात शेठच्या पेढीवर. मुलगा गादीवर बसला होता. मी काय हवं ते सांगितलं. जीपने जायचं, एक वाक्य बोलायचं, परत यायचं. कोणी हात लावणार नाही, मी सोबत येतो.

त्याने माझ्याकडे खऱ्या आश्चर्याने बघितलं. म्हणाला, "दंड भरलाय मी साहेब. आता अजून काय?"

लोक मला विचारतात, पोलीस खात्यात राहून काय शिकलात? मी शिकलो ते हे, की कबुली देणारा प्रत्येक जण गुन्हेगार नसतो आणि गुन्हेगाराला शिक्षा झाली म्हणजे त्याने गुन्हा स्वतःचा मानला असं नसतं. दंडाची कलमं मला पाठ होती. माणसाला एक वाक्य बोलायला लावणारं कलम त्या पुस्तकात नव्हतं.

माझी बदली झाली. पुढे कितीतरी वर्षांनी आटगाव स्टेशनवर त्या वाडीचा एक माणूस भेटला, त्याला नाईकाचं विचारलं. तो गेला, म्हणाला. शेवटपर्यंत पंगतीला बसला नाही.