तिसरी पातळी आणि सादियेमची गाय
पार्दियो सरकारी चौकीत बसून धुमसत्या ज्वालामुखी डोंगरावर डोळा ठेवायचा आणि रोज संध्याकाळी वॉकी-टॉकीवरून डोंगरउतारावरच्या आपल्या गावाला धोक्याची पातळी सांगायचा. समोरचा कागद धरून, शुद्ध सरकारी भाषेत, बातम्या दिल्यासारखा. घरोघरी ते यंत्र खुंटीला टांगलेलं असे आणि बायका त्या आवाजावर तांदूळ निवडत.

यंदा पातळी तिसरी झाली. तिसरीला म्हातारीकोतारी आणि गुरं आधी खाली न्यायची, चौथीला सगळ्यांनी उतरायचं. चौकातला धोक्याचा फलक नारिंगी झाला, पण गाव ढिम्म. कारण पार्दियोची म्बोक, म्हणजे आई, सादियेम वरच होती. “स्वतःची आई वर ठेवून आपल्याला पळवतोय होय हा?” असं म्हणत लोक तिच्या गोठ्यात डोकावायचे. गाय निवांत रवंथ करतेय म्हटल्यावर विळे घेऊन खुशाल डोंगराकडे गवताला निघायचे. आता काय म्हणावं या माणसांना?

सादियेमही वस्तादच. यंत्रावर म्हणाली, “गाय गाभण आहे, ले, बाळा. ट्रकात चढवली तर दगावेल. आणि म्बाह कधी न सांगता आलेत का?” डोंगराला सगळे म्बाह, आजोबा, असंच म्हणत. “जरा खोकतायत. म्हातारी माणसं खोकतातच.”

“म्बोक, पातळी तिसरी आहे. भूकंपीय हालचालींची तीव्रता...”

“जेवलास का ते सांग.”

सगळं गाव ऐकत होतं. कुणीतरी खुसखुसलं.

चौकीतल्या भूकंपमापकाची सुई सारखी थरथरत होती. चौकी सोडून जाता येत नव्हतं, आणि चौथीचा हुकूम वरिष्ठांकडून यायचा होता. पार्दियोनं वाचायचा कागद बाजूला ठेवला आणि घरच्या जावानीज बोलीत म्हणाला, “म्बोक, मला भीती वाटतेय गं. तू वर आहेस, मला इथे घास उतरत नाही.”



“मग असं सांगावं ना रे,” सादियेम म्हणाली. “केव्हाचा पातळी पातळी करतोयस.”

सकाळी ती वैरणीचा भारा पाठीला बांधून, गाईला धरून पायीच उतरली. तिच्यामागे एकेक दार बंद होत गेलं आणि खालचं शाळेचं मैदान गाईगुरांनी भरलं.

चौथी पातळी दुपारनंतर आली. पार्दियोनं ती नेहमीच्या शुद्ध भाषेत वाचून दाखवली. वर ऐकायला कुणी उरलं नव्हतं.