दादामियाँ हेडफोन बघायला जातात

तेरखेड्यात दादामियाँ कोण असं कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल: फटाक्यांचा आवाज तपासतात ते. शंभुलिंग अप्पांच्या कारखान्यात सुतळी बॉम्बचा नवा लॉट तयार झाला की त्यातले पाच नग माळावर नेऊन उडवायचे, आणि दादामियाँनी पन्नास पावलांवर पाठ करून उभं राहायचं. पाठ कशाला, तर डोळ्याला उजेड दिसला की कान खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. पाचवा वाजला की ते वळणार आणि मोजकंच बोलणार. ‘पास’, नाहीतर ‘दारू वाढवा’, नाहीतर ‘दारू कमी करा’. सत्तावीस वर्षांत अप्पांनी त्यावर एकदाही उलटा सवाल केला नव्हता.

अशा माणसाला गाण्याचा नाद नसता तरच नवल. दादामियाँना कव्वाली लागते, तीही रोज. पण त्यांच्या बायकोला, नसीमबींना, घरात गोंगाट सोसत नाही. त्याच कारखान्यात दिवसभर सुतळी गुंडाळून त्यांचं डोकं उठलेलं असतं. म्हणून त्यांच्या लेकीनं, तहरीमनं, चार वर्षांमागं बापाला एक हेडफोन आणून दिला. साधाच होता, पण दादामियाँ बेहद खूश. संध्याकाळी अंगणात बाजेवर डोळे मिटून बसले की सरपंच आला तरी उठायचे नाहीत.

गेल्या वर्षापासून मात्र त्या हेडफोनचं काहीतरी बिनसलं. ढोलक वाजायची, पेटी वाजायची, पण टाळ्यांच्या मागची बारीक खंजिरी गायब. त्यांनी कानावरचे स्पंज बदलले, वायर बदलली, शेजाऱ्याच्या फोनला लावून पाहिला. खंजिरी काही येईना. हा मेलाच आता, असं ठरवून त्यांनी भारीतला हेडफोन घ्यायचं मनावर घेतलं.

मनावर घेतलं म्हणजे काय, त्या हेडफोननं मनात ठाणच मांडलं. धाराशिवला बसस्टँडजवळ कुलदीप नावाच्या तरुणाचं दुकान आहे. तिथं काचेच्या कपाटात एक काळा हेडफोन होता, अठ्ठावीस हजारांचा. किंमत ऐकून पहिल्या खेपेला दादामियाँ नुसता सलाम करून परत आले. दुसऱ्या खेपेला त्यांनी तो हातात घेतला, वजन बघितलं, गादी दाबून बघितली, पट्टी ताणून बघितली. बैल घेताना माणूस एवढा बघत नाही. तरी कानाला लावायचा धीर काही झाला नाही. लावला आणि आवडला तर काय करायचं? घरी येऊन नसीमबींना किंमत सांगायला त्यांना चार दिवस लागले, आणि सांगितली तीही निम्मी.

“चौदा हजार? कानाला सोनं लावायचंय का?” नसीमबी म्हणाल्या.

“अगं, त्यात सगळं ऐकू येतं. बारीकातलं बारीक.”

“मला तुमचं घोरणं हेडफोनबिगर ऐकू येतंय की.”

दादामियाँ हसले, पण वरवर. त्या खंजिरीवाचून त्यांचा जीव खरंच तळमळत होता. म्हातारपणाकडं झुकलेल्या माणसाला एवढं एक सुख असावं, तेही अर्धमुर्धं मिळावं, याचं त्यांना वाईट वाटायचं.

शेवटी तहरीमनंच तोड काढली. ती धाराशिवला शाळेत शिकवते. “शनिवारी दुपारी या अब्बा, दोघं मिळून ऐकू. पसंत पडला तर निम्मे पैसे माझे,” ती म्हणाली. दादामियाँ इस्त्रीचा शर्ट घालून गेले, जुना हेडफोनही पिशवीत घेतला, म्हणजे फरक लगेच कळेल.

कुलदीपनं काळा हेडफोन फोनला जोडून त्यांच्या डोक्यावर बसवला. त्यांची रोजची कव्वाली सुरू झाली. काय तो आवाज! ढोलक अगदी मांडीवर घेऊन वाजवल्यासारखी. दादामियाँ डोळे मिटून डुलायला लागले. मग टाळ्या आल्या आणि त्यांनी डोळे उघडले.

“यात बी खंजिरी न्हाय.”

“गाण्यातच नसंल चाचा,” कुलदीप चाचरत म्हणाला.

“गाण्यात न्हाय? वीस वर्षं ऐकतोय म्या हे!” दादामियाँचा आवाज चढला.

तहरीमनं हेडफोन आपल्या डोक्यावर घेतला. थोडं ऐकलं. “आहे की अब्बा. मघापासून वाजतीय.” मग तिनं पिशवीतला जुना काढून लावला, आणि तिचा चेहरा उतरला. तिनं बापाकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, “यात बी आहे.”

दादामियाँ स्टुलावर बसले होते आणि त्यांना खंजिरीचा केव्हाच विसर पडला होता. यंदा दोनदा त्यांनी ‘दारू वाढवा’ म्हटलं होतं. बॉम्ब छातीत दणकायचा, पण वरचा कडाका कमी वाटायचा, म्हणून. दोन्ही लॉट तसेच भरले गेले. एक गोदामात पडला होता, एक लातूरला गेला होता, आणि तिथला व्यापारी ‘यंदा माल लई कडक’ म्हणाला म्हणून अप्पांनी त्यांना पेढे दिले होते. तोच जादा दारूचा माल नसीमबी आणि बारा बायकांनी मांडी घालून गुंडाळला होता. उद्या तो लेकराबाळांच्या हातात जाणार होता.

सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं? कुलदीपला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि लेक बापाची अब्रू झाकणारी होती. पण त्यांनी तिथंच फोन लावला.

“अप्पा, गोदामातला माल हलवू नका, लातूरचा परत बोलवा. दारू जादा पडलीय. म्या चुकलो. माझा कान गेलाय.”

पलीकडनं अप्पा म्हणाले, “दादामियाँ, मग तुमचं काम काय राहिलं कारखान्यात?”

“ते मागनं बघू. आधी माल थांबवा.”

अप्पांनी थांबवला. हेडफोन अर्थातच कपाटात परत गेला.

बुधवारी परत आलेल्या मालातले पाच नग माळावर नेले. आवाज कुणी ऐकायचा, हे दादामियाँनीच सुचवलं होतं. नसीमबी आल्या, दादामियाँसोबत पन्नास पावलं चालून गेल्या आणि पदराच्या गाठीतला कापूस काढून त्यांनी दोन्ही कानांत घट्ट बसवला.

“काढ तो. कापसातनं काय ऐकू येणार? म्या सत्तावीस वर्षांत कधी घातला न्हाय,” दादामियाँ म्हणाले.

“मला येतं,” म्हणून त्यांनी पाठ केली.

पहिला बॉम्ब वाजला. शेजारी उभ्या दादामियाँना धप्प एवढंच कळलं, तेही छातीत. नसीमबी मात्र दचकून वळल्या.

“लई कडाका आहे. दारू कमी करा.”

“कापसातनं कळलं?”

“व्हय. सगळं कळलं.”

दादामियाँ तिथंच मातीत खाली बसले.